शिष्टाचारशिक्षण, बालकांचे

लहान मुलांना इतरांशी सभ्यपणे व सौजन्याने वागण्याच्या रीती आणि समूहात मिळूनमिसळून राहण्यासाठी लागणारी कौशल्ये अवगत व्हावीत, यासाठी घरात, शेजारात व शाळेत हेतुपूर्वक किंवा नकळत मिळणारे शिक्षण. जन्मापासून साधारणतः आठव्या वर्षापर्यंतचा काळ या शिक्षणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा मानला जातो. अभिवादन करणे, निरोप घेणे, मागणे व नाकारणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वस्तू वाटून घेणे, दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेणे, पंक्तीत जेवणे, पाहुण्यांचे स्वागत करणे, चूक झाल्यास ती मान्य करणे, भांडण मिटविणे, वृद्धांना व आजाऱ्यांना मदत करणे इ. अनेक लहानमोठ्या वर्तनप्रकारांचा त्यात अंतर्भाव होतो.

संज्ञा व स्वरूप : ‘शिष्टांचा आचार तो शिष्टाचार’ अशी या शब्दाची परंपरागत उकल केली जाते. मराठीत मात्र ‘शिष्ट’ या शब्दाला सभ्य या अर्थाबरोबरच आढ्यताखोर असाही अर्थ प्राप्त झाला आहे. बाह्य सभ्यता आणि दुसऱ्याविषयीची आस्था या गोष्टी एकमेकींपासून दुरावू शकतात, ही लोकांच्या अनुभवातील जाण या अर्थभेदात उमटलेली दिसते. रोजच्या व्यवहारात शिष्टाचाराऐवजी रीतभात, शिस्त, संस्कार व वळण हे शब्द अधिक रूढ आहेत. त्यांपैकी ‘वळण’ हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. मुलाला वळण लावणे व अक्षराला वळण लावणे असे त्याचे दोन्ही प्रयोग होतात. अक्षराचे वळण नियम पाठ करून येत नाही. समोर चांगला कित्ता असावा लागतो आणि तो पुनःपुन्हा गिरवावा लागतो. वागण्याच्या वळणासही हेच तत्त्व लागू पडते.

शिष्टाचारशिक्षणाची दोन अंगे आहेत. पहिले अंग संकेतांचे असून ते समाजपरत्वे बदलते. एके ठिकाणी जेवताना आवाज करणे असभ्य मानतात, तर जपानमध्ये शेवयांसारखे पदार्थ सुरकुन खाण्यात काहीच वावगे मानीत नाहीत. एके ठिकाणी हस्तांदोलन करतात, तर दुसरीकडे हात जोडतात. दुसरे अंग दुसऱ्याच्या अस्तित्वाची, सोयीची व भावनांची दखल घेण्याचे आहे आणि ते बहुतेक सर्व समाजांत या ना त्या रूपाने आढळते. संकेत शिकविणे तुलनेने सोपे असते. दखल घेण्याची वृत्ती रुजविणे अवघड असते. या विषयावरील प्राचीन काळापासूनच्या विचारात दोहोंच्या परस्परसंबंधाचा प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे.

ऐतिहासिक आढावा : प्राचीन भारतात उपनयनानंतर गुरुगृही राहणाऱ्या बटूच्या आचाराचे नियम गृह्यसूत्रे, धर्मसूत्रे व स्मृतिग्रंथ यांत सविस्तर दिलेले आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वडीलधाऱ्यांसमोर उठून उभे राहणे, अभिवादन करताना स्वतःचे नाव सांगणे, गुरूच्या समोर कसे बसावे व कसे बोलावे यांविषयी नियम आहेत. वृद्ध, आजारी, ओझे वाहणारा, स्त्री इत्यादींना वाटेत आधी जाऊ द्यावे, असेही तेथे सांगितले आहे. मात्र हे शिक्षण त्रैवर्णिक मुलग्यांपुरते मर्यादित होते आणि भेटीच्या वेळी क्षेमसमाचार विचारण्याचा शब्दही वर्णानुसार वेगवेगळा सांगितलेला आहे : ब्राह्मणाला कुशल, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम व शूद्राला आरोग्य विचारावे, असा तो नियम होय.

बौद्ध संघाच्या विनयपिटकातील पाली पातिमोक्खात ‘सेखिय’ नावाचे ७५ नियम आहेत. नीट वस्त्र नेसून गावात जावे, मोठ्याने हसू नये, घास तोंडात असताना बोलू नये, जेवताना मचमच आवाज करू नये, हात चाटू नयेत अशा साध्या गोष्टींचा त्यांत समावेश आहे. संघात अल्पवयीन मुलांनाही ‘सामणेर’ म्हणून प्रवेश असे. कावळे हाकलण्याइतपत मोठा झालेला मुलगा त्यासाठी योग्य समजला जाई. अशा मुलांना हे वळण थोर भिक्षूंच्या सहवासातच लागत असे. चीनमध्ये जू शी या तत्त्वज्ञाच्या मार्गदर्शनाखाली ११८७ मध्ये सिद्ध झालेल्या बालशिक्षणविषयक ग्रंथात अंगण शिंपणे, झाडणे, हाकेला ओ देणे व प्रश्नास नीट उत्तर देणे यांना शिक्षणाचा आरंभ मानले आहे.

यूरोपमध्ये डेझिडेरियस इरॅस्मस (सु. १४६६–१५३६) याने मुलांच्या शिष्टाचारावर लिहिलेली लॅटिन पुस्तिका १५३० मध्ये प्रसिद्ध झाली. एका सरदार घराण्यातील मुलास ती उद्देशून लिहिलेली असली, तरी ती सर्वच मुलांसाठी असल्याचे इरॅस्मसने म्हटले आहे. देहाची ठेवण, पोशाख, चर्चमधील वर्तन, भोजन, भेटीगाठी, खेळ व शयनगृह असे तिचे सात भाग असून ती अनेक भाषांत अनुवादित झाली आणि दीर्घकाळ शाळांतून वापरली गेली. दुसऱ्याच्या वागण्यातील उणिवांकडे सहजपणे दुर्लक्ष करणे हे सभ्यतेचे प्रमुख लक्षण होय, हा तिच्या शेवटी आलेला विचार महत्त्वाचा आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट इलियास (१८९७–१९९०) याने १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या व अशा पुस्तकांच्या आधारे यूरोपीय समाजातील लज्जेच्या व आत्मसंयमनाच्या कल्पना शतकानुशतके कशा बदलत गेल्या, याचा शोध घेतला. प्रौढांनी स्वतःवर जितकी अधिक बंधने घालून घेतली, तितके मूल व प्रौढ यांच्या वर्तनातील अंतर वाढत गेले आणि पूर्वी समाजाने दीर्घकाळात आत्मसात केलेला संयम मुलाने थोड्या वर्षांत शिकावा, अशी अपेक्षा निर्माण झाली, असे त्याचे प्रतिपादन आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक (१६३२–१७०४) याने १६९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक विचारांत लहान मुलांवर नियमांचा भडिमार करण्यास विरोध केला. टोपी काढणे, झुकून अभिवादन करणे यांसारख्या बाबतींत मूल चुकले, तर त्याचा छळ करू नये. वयाबरोबर या चुका आपोआप सुधारतात. मूल ज्यांच्या सहवासात वाढते त्यांचे वर्तनच कोणत्याही नियमापेक्षा प्रभावी ठरते, असे त्याचे मत होते. फ्रीड्रिख फ्रॉबेल (१७८२–१८५२) याने बालोद्यानात वर्तुळाकार सामूहिक खेळांना स्थान देऊन समूहजीवनाचे शिक्षण खेळाशी जोडले.

या विषयाला पद्धतशीर अध्यापनाचे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्याकडे जाते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह सुरू केले. तेथील एक प्रसंग त्यांनी नोंदविला आहे. नाक कसे शिंकरावे, रुमाल कसा वापरावा व आवाज न होऊ देता हे कसे करावे, याचे प्रात्यक्षिक त्यांनी एकदा मुलांना किंचित विनोदी ढंगाने करून दाखविले. मुलांनी ते अत्यंत लक्षपूर्वक पाहिले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट केला. याचा अर्थ लावताना माँटेसरींनी म्हटले आहे, की नाकावरून मुलांना सतत टोचून बोलले जाते, पण ते काम कसे करावे हे कोणी शांतपणे शिकवीत नाही. त्यामुळे त्यांचा स्वाभिमान दुखावलेला असतो. त्या धड्याने मुलांना कौशल्याबरोबरच सन्मानही लाभला. पुढे त्यांच्या पद्धतीत सौजन्याचे पाठ हा स्वतंत्र भाग झाला. आवाज न करता खुर्ची उचलणे, दुसऱ्याच्या चटईवर पाय न देता बाजूने जाणे, कात्री मुठीकडून पुढे करणे, कामात असलेल्या व्यक्तीचे लक्ष कसे वेधावे अशा गोष्टी त्यांत मोजक्या शब्दांत करून दाखविल्या जातात. प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवण्यामागेही सामाजिक शिक्षणाचा हेतू असतो : हवे असलेले साधन दुसऱ्याच्या हाती असल्यास मुलाला थांबावेच लागते आणि रोजच्या या अनुभवातून संयम हा सवयीचा भाग बनतो. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या व दुसऱ्या महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्या काळात त्यांनी येथील अनेक शिक्षकांना प्रशिक्षण दिले [→ माँटेसरी शिक्षणपद्धती].

बालविकास व सामाजिक वर्तन : शिष्टाचार केव्हा व कितपत शिकविता येतो, हे मुलाच्या मानसिक विकासावर अवलंबून असते. अमेरिकन संशोधिका मिल्ड्रेड पार्टेन यांनी शिशुशाळेतील मुलांच्या निरीक्षणावरून १९३२ मध्ये सामाजिक सहभागाचे सहा प्रकार वर्णिले : कशातच न गुंतणे, एकट्याने खेळणे, दुसऱ्याचा खेळ पाहणे, शेजारी बसून पण स्वतंत्रपणे खेळणे (समांतर खेळ), सैलपणे एकत्र खेळणे (सहचारी खेळ) व समान उद्दिष्टासाठी मिळून खेळणे (सहकारी खेळ). वय वाढते तसे पुढील प्रकारांचे प्रमाण वाढते. दोन वर्षांची दोन मुले शेजारी बसूनही आपापल्याच खेळात रमलेली असतात, ही गोष्ट या वर्गीकरणावरून स्पष्ट होते. तिला आप्पलपोटेपणा म्हणणे योग्य नव्हे.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी १९३२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गोट्यांच्या खेळाच्या आधारे मुलांच्या नियमविषयक कल्पनांचा अभ्यास मांडला. लहान मुले नियमांना मोठ्यांनी घालून दिलेले व अपरिवर्तनीय मानतात. पुढे समवयस्कांच्या सहकार्यातून नियम हे परस्परसंमतीने ठरतात व बदलता येतात, ही जाणीव विकसित होते. ऑस्ट्रियातील हाइन्त्स व्हिमर व योझेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व त्यानंतर अनेक देशांत झालेल्या प्रयोगांवरून, दुसऱ्याच्या मनातील समजूत आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, हे मुलाला साधारणतः चौथ्या-पाचव्या वर्षी उमजू लागते, असे दिसून आले. त्यापूर्वीच्या वयात दुसऱ्याला काय वाटले असेल, असे विचारून दिलेला उपदेश मुलाच्या आकलनापलीकडचा ठरण्याचा संभव असतो.

तथापि परोपकाराची प्रेरणा याहून बरीच आधी दिसते. फेलिक्स व्हार्नेकेन व मायकेल टोमासेलो यांच्या २००६ मधील प्रयोगांत अवघ्या अठरा महिन्यांच्या मुलांनी, कोणी न सांगता, अनोळखी प्रौढाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देण्यासारखी मदत केली. त्याच संशोधकांना २००८ मध्ये असे आढळले, की मदतीबद्दल खेळणे बक्षीस मिळालेली वीस महिन्यांची मुले पुढे बक्षीस बंद झाल्यावर इतर मुलांपेक्षा कमी मदत करू लागतात. चांगल्या वागण्याला प्रत्येक वेळी खाऊची जोड देण्याच्या प्रथेचा पुनर्विचार करावयास लावणारा हा निष्कर्ष आहे. अनुकरणाच्या संदर्भात ॲल्बर्ट बंडुरा (१९२५–२०२१) व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाला बाहुल्याला मारताना पाहिलेल्या बालवाडीच्या वयातील मुलांनी तसेच मारण्याचे वर्तन केले. प्रौढांचे वर्तन हाच मुलापुढील कित्ता होय, या परंपरागत समजुतीला त्याने पुष्टी मिळाली.

नियम माहीत असणे व तो पाळणे यांतही अंतर असते. अमेरिकेत झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वर्षांची मुलेही स्टिकरांची सारखी वाटणी करावी असे सांगत. प्रत्यक्षात मात्र ती स्वतःसाठी अधिक ठेवीत. सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास उक्ती व कृती जुळू लागलेल्या दिसल्या. सौजन्यदर्शक शब्दांविषयी जीन बर्को ग्लीसन व सँड्रा वाइनट्रॉब यांनी १९७६ मध्ये दाखविले, की इतर शब्द शिकविताना पालक अर्थाकडे लक्ष देतात, परंतु अभिवादन, आभार यांसारखे शब्द शिकविताना केवळ उच्चार करवून घेण्यावर त्यांचा भर असतो. म्हणजेच येथे रूप आधी येते व अर्थ मागाहून भरला जातो. हा क्रम स्वाभाविक असला, तरी अर्थ भरण्याचे काम राहून गेल्यास रूप पोकळ राहते.

मराठी भाषिक परंपरा : मराठी घरांत शिष्टाचाराचे पहिले धडे भाषेतून व हावभावांतून मिळतात. बोलता येण्यापूर्वीच मूल हात हलवून निरोप देण्यास व हात जोडण्यास शिकते. कोणाला पाय लागला, तर त्या व्यक्तीला हाताने स्पर्श करून नमस्कार करण्याची सवय शब्दांआधी लावली जाते. दिलगिरीचा तो पहिला पाठ होय. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे, हेही मूल लवकर शिकते. तू, तुम्ही व आपण या सर्वनामांचा विवेक हा मराठीतील सौजन्याचा गाभा आहे. आईला एकेरी व वडिलांना अनेकवचनी संबोधण्याची जुनी रीत अनेक घरांतून मागे पडली असून वडिलांनाही ‘अरे बाबा’ म्हणणारी मुले आता सर्रास आढळतात. त्यावरून आदर कमी झाला, असे म्हणता येत नाही. संकेत बदलला, एवढेच म्हणता येते.

मराठीत विनंतीचा मृदुपणा स्वतंत्र शब्दापेक्षा क्रियापदाच्या रूपातून, ‘जरा’, ‘ना’ यांसारख्या शब्दांतून व स्वरातून प्रकट होतो : ‘पाणी दे’ व ‘जरा पाणी देता का’ यांतील भेद तीन-चार वर्षांच्या मुलाला सहज कळतो. ‘कृपया’ हा शब्द सूचनाफलकांत व उद्घोषणांत आढळतो, तर ‘धन्यवाद’ औपचारिक प्रसंगी. प्लीज, सॉरी, थँक्यू हे शब्द आज घराघरांत रूढ झाले आहेत. ते न उच्चारणारे मूल उद्धट असते असे मात्र नव्हे. त्याच्या बोलीत तीच भावना अन्य रीतीने व्यक्त होत असते. याचा विसर पडल्यास ग्रामीण व आदिवासी मुलांवर शाळेत अन्याय होण्याचा संभव असतो.

आतिथ्याचे शिक्षण पाहुण्यांना पाणी नेऊन देण्यापासून सुरू होते. दिवेलागणीला प्रार्थना म्हणून मोठ्यांना नमस्कार करणे, पंक्तीत सर्वांना वाढून होईपर्यंत थांबणे व पानात टाकून न देणे या घरगुती सवयींना सणांची जोड मिळते. संक्रांतीला तिळगूळ व दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन मुले घरोघर जातात. ओळख नसलेल्या दारातही कसे शिरावे, काय बोलावे, दिलेले कसे घ्यावे, यांचा सराव त्यांना या निमित्ताने मिळतो. भोंडल्याच्या वेळी यजमान घरातील मुली खिरापत ओळखावयास लावून मगच ती सर्वांना वाटतात. भातुकलीत मुले घरातील वागणे हुबेहूब वठवितात. आपण कसे बोलतो हे जाणून घेण्याचे मोठ्यांना यापेक्षा चांगले साधन नाही.

मुलांच्या खेळांनी निर्माण केलेले संकेतही उल्लेखनीय आहेत. राज्य घेण्याची पाळी टाळू नये हा नियम मुलेच एकमेकांना शिकवितात. खेळात सामावून घेतलेल्या, परंतु बाद न धरल्या जाणाऱ्या लहान भावंडासाठी ‘लिंबूटिंबू’ हे पद त्यांनी योजले आहे. दुर्बलाला वगळण्याऐवजी त्याच्यासाठी नियम शिथिल करण्याची ही समज कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेली नाही. कट्टी व बट्टी यांच्या रूपाने रुसवा जाहीर करण्याची व समेट करण्याचीही एक सोपी पद्धत त्यांच्या जगात असते.

साने गुरुजी (१८९९–१९५०) यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्यामची आई या पुस्तकाचा मराठी पालकांच्या संस्कारविषयक कल्पनांवर मोठा प्रभाव पडला. त्यातील आई रोजच्या साध्या प्रसंगांतून मुलाला वळण लावते, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले.

विषमता व शिष्टाचार : शिष्टाचाराने माणसे जोडली जातात, त्याचप्रमाणे ती वेगळीही ठेवली जातात. जातिव्यवस्थेत कोणाला शिवू नये, कोणाच्या घरचे पाणी घेऊ नये, कोणी कोणत्या पंक्तीत बसावे, हेही मुलांना ‘चांगले वळण’ म्हणूनच शिकविले जात असे. डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे, की शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी पिता येत नसे. त्या शाळेतील इतर मुलेही याच काळात एक शिष्टाचार शिकत होती, हे लक्षात घेतले पाहिजे. गावगाड्यात महार समाजाने वरिष्ठ जातींच्या लोकांना ‘जोहार’ घालण्याची रीत होती. आंबेडकरी चळवळीने ती नाकारली व ‘जय भीम’ हे परस्परांना समान लेखणारे अभिवादन रूढ झाले. अभिवादनाचा शब्द बदलणे हा सामाजिक परिवर्तनाचा भाग असू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

मुली व मुलगे यांना लावल्या जाणाऱ्या वळणातही असाच भेद आढळतो. हळू बोलणे, सावरून बसणे, पाहुण्यांना वाढणे या अपेक्षा मुलीकडून केल्या जातात व मुलाचा धसमुसळेपणा कौतुकाचा विषय होतो. घरकामास येणाऱ्या आजीच्या वयाच्या स्त्रीला मूल ‘मावशी’ म्हणून हाक मारते, की मोठ्यांचे ऐकून अरेतुरे करते, यावरून त्या घरातील शिष्टाचाराचा खरा आवाका समजतो. केवळ वरिष्ठांपुढे दाखविलेली नम्रता हा अदबीचा भाग असेल. सौजन्याची कसोटी मात्र आपल्यापेक्षा दुर्बल स्थितीतील माणसाशी होणाऱ्या वागणुकीतच लागते.

महाराष्ट्रातील व लगतच्या प्रदेशातील प्रयत्न : गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये गुजरातमधील भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. शिक्षा, भीती व लालूच या तिन्हींना त्यांचा विरोध होता. दिवास्वप्न या त्यांच्या पुस्तकातील शिक्षक वर्गात गोष्टी, खेळ व स्वच्छता यांपासून कामाचा आरंभ करतो आणि त्यांच्या ओढीतूनच मुलांमध्ये शिस्त येते. गिजुभाई व ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. ही दोन्ही गावे त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती, आता ती पालघर जिल्ह्यात आहेत. अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी हे कार्य आयुष्यभर चालविले.

शहरी बालमंदिराचे शिष्टाचार जसेच्या तसे वारली मुलांवर लादणे योग्य ठरले नसते. पाने, बिया, शंख-शिंपले ही परिसरातील साधने वापरून व मुलांच्या बोलीचा मान राखून तेथे काम करण्यात आले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली व त्यातून ‘अंगणवाडी’ आकारास आली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. दुसऱ्याच्या दारी आपण होऊन जाणे हा शिष्टाचाराचा मूलभूत पाठ तेथे संस्थेनेच आचरणात आणला, असे म्हणता येईल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केल्यानंतर अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथे पूरक आहाराबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षण दिले जाते. हात धुणे, एकत्र बसणे, सर्वांना मिळेपर्यंत थांबणे व विविध जातिधर्मांच्या मुलांनी एकाच ठिकाणी जेवणे हे या केंद्रांतील सामाजिक शिक्षणाचे सर्वांत मोलाचे अंग होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला असून त्यासाठीच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक, भावनिक व नैतिक विकासाला स्वतंत्र स्थान दिले आहे [→ पूर्वप्राथमिक शिक्षण].

अध्यापनाच्या पद्धती : पहिल्या दोन वर्षांत मुलाशी मृदूपणे बोलणे, त्याच्या हाकेला प्रतिसाद देणे व हावभावांचे खेळ एवढेच पुरेसे असते. दोन ते तीन वर्षांच्या मुलाकडून स्वतः होऊन वाटून घेण्याची अपेक्षा करू नये. ‘आधी ती, मग तू’ अशी पाळीची कल्पना त्यास प्रत्यक्ष व्यवहारातून द्यावी. तीन ते पाच या वयात प्रात्यक्षिक, बाहुल्यांचे खेळ, नाट्यीकरण व गोष्टी उपयुक्त ठरतात. पाच ते आठ या वयात कारणे सांगता येतात, वर्गाचे नियम मुलांच्या संमतीने ठरविता येतात व भांडणाचा निवाडा त्यांनाच करू देता येतो. वर्ग झाडणे, पाणी भरणे, डबे वाटणे यांसारखी खरी जबाबदारी आळीपाळीने सोपविणे फलदायी असते; जपानमधील अनेक प्राथमिक शाळांत मुलेच वर्ग स्वच्छ करतात व एकमेकांना जेवण वाढतात.

शिकविण्याची वेळ साधणे महत्त्वाचे असते. पाहुणे आल्यानंतर त्यांच्यादेखत मुलाला सुचविण्याऐवजी ते येण्यापूर्वी खेळाच्या रूपाने सराव करून घेणे अधिक योग्य. चूक झाल्यास ती चारचौघांत न दाखविता मागाहून एकांतात सांगावी. एका वेळी एकच सवय हाती घ्यावी व घरातील सर्वांनी ती पाळावी. ‘असे करू नको’ या निषेधापेक्षा ‘असे करावे’ ही सूचना मुलाला लवकर समजते. मोठ्यांकडून चूक झाल्यास त्यांनी मुलाची क्षमा मागणे हा क्षमायाचनेचा सर्वांत परिणामकारक पाठ होय. मूल बोलत असताना मध्येच तोडणे, त्याच्या वस्तू न विचारता घेणे, त्याच्यादेखत त्याची थट्टा करणे या गोष्टी मोठ्यांकडून सहज घडतात. मूल त्याही कित्त्यासारख्याच गिरवते.

मर्यादा व दक्षता : सौजन्य म्हणजे सर्वांपुढे मान तुकविणे अशी समजूत मुलाच्या मनात रुजल्यास ती त्याच्या सुरक्षिततेस बाधक ठरते. नातेवाइकांना मिठी मारण्याची वा पापा देण्याची सक्ती करू नये. नमस्कार करणे किंवा हात हलविणे असा पर्याय द्यावा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ मध्ये झाल्यानंतर अयोग्य स्पर्श ओळखणे, स्पष्ट शब्दांत ‘नको’ म्हणणे व विश्वासातील व्यक्तीस सांगणे यांचे शिक्षण अनेक शाळांतून दिले जाऊ लागले. नाकारता येणे हेही सामाजिक कौशल्यच होय. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मनाई आहे. तेव्हा चारचौघांत लाजविणे हे शिष्टाचार शिकविण्याचे मान्य साधन राहिलेले नाही.

बुजऱ्या मुलास उद्धट, तसेच डोळ्याला डोळा न भिडविणाऱ्या स्वमग्न मुलास असभ्य ठरविणे चुकीचे आहे. अशा मुलांना अधिक वेळ, ठरावीक क्रम व चित्रांचा आधार देऊन शिकविता येते. त्याचबरोबर इतर मुलांना त्यांच्याशी जुळवून घेण्यास शिकविणे तितकेच आवश्यक असते. २०२० व २०२१ मध्ये कोव्हिड साथीमुळे शाळा व अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या, तेव्हा समवयस्कांच्या सहवासाला पर्याय नसतो, याची तीव्र जाणीव पालकांना झाली. मोबाईल फोनच्या प्रसाराने नवे संकेत आवश्यक झाले आहेत. परंतु जेवताना फोन बाजूला ठेवावा, हा नियम मोठ्यांनी पाळल्याखेरीज मुलांना लागू करता येत नाही.

शिष्टाचारशिक्षणाचे यश पाहुण्यांसमोर मुलाने म्हणून दाखविलेल्या शब्दांवरून मोजता येत नाही. कोणाचे लक्ष नसताना ते लिंबूटिंबूला खेळात घेते का, पाणी वाढणाऱ्याला मान देते का, नको असलेल्या गोष्टीला निर्भयपणे नकार देते का, यांवरून ते ठरते. या तिन्ही गोष्टी मूल प्रामुख्याने स्वतःला मिळालेल्या वागणुकीवरून शिकते. म्हणून बालकांचे शिष्टाचारशिक्षण हे बव्हंशी त्यांच्या सहवासातील प्रौढांचे शिक्षण ठरते.